विंचवाचें बिऱ्हाड

प्रवासास निघावें आणि घरहि सोडावें लागूं नये, अशी इच्छा गृहस्थाश्रमी माणसाच्या मनांत कधींतरी येऊन जातेच. धर्मशाळेंतील ढेकूण, खाणावळींतील तिखट आणि परक्या अंथरुणावरील झोंप यांचा ज्यांनीं अनुभव घेतला आहे, त्यांना विंचवाचा हेवा वाटला तर नवल नाहीं. अमेरिकेंत हें बिऱ्हाड पाठीवर नव्हे, तर पाठीमागें बांधून हिंडण्याची चाल फार आहे. त्यास तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. इंजिन नसलेलें, चार चाकांवरचें एक छोटेखानी घर. आंत चूल, मोरी, निजण्याच्या फळ्या, आणि हें सर्व मोटारीच्या आंकड्यास जोडून ओढीत न्यावयाचें. कोलोरॅडो संस्थानांतील डेन्व्हर शहराजवळ आमचें वास्तव्य आहे. गेल्या उन्हाळ्यांत पुण्याहून आई, दादा आणि वहिनी आमच्याकडे आलीं, त्या निमित्तानें आम्हींहि असा एक कोरा ट्रेलर विकत घेतला.

आईनें त्याला हळदकुंकू वाहिलें, नारळ फोडला, आणि वर एक सूचना केली, "नारळ फोडला म्हणून नट आंवळायचे विसरूं नका हो!" हें तिचें बोलणें आम्हीं हंसण्यावारी नेलें. वस्तुतः नव्या ट्रेलरच्या चाकांचे नट पहिल्या दहा, पंचवीस आणि पन्नास मैलांवर पुनः आंवळून पाहावेत, असें बरोबरच्या पुस्तकांतच लिहिलेलें असतें. विक्रेत्यानें दोन तासांत सर्व समजावून दिलें. ब्रेकांविषयीं मात्र तो एवढेंच म्हणाला कीं, नवे आहेत, चालतां चालतां आपोआप सुधारतील. सामानासकट ट्रेलरचें वजन पांच हजार पौंडांच्या घरांत होतें. तें ओढावयाचें कसें, याची चिंता आम्हीं पुष्कळ केली होती. तें थांबवावयाचें कसें, याची कोणींच केली नव्हती.

आमचा बेत डिलन येथील मोठ्या जलाशयाच्या कांठीं चार दिवस राहावयाचा होता. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे. तेथून पश्चिमेस निघालें कीं लगेच रॉकी पर्वताचा चढ लागतो. कांहीं मैल चढून गेल्यावर फ्लॉइड हिल नांवाचा एक मोठा उतार क्लिअर क्रीक नदीच्या दरींत उतरतो. त्या उतारावर आम्हीं ब्रेक दाबला आणि पाठींत कोणीं हात घालून ढकलावें तसा धक्का बसला. मोटार थांबूं पाहात होती, पण मागचें घर थांबावयास तयार नव्हतें. गिअर खालचा घालून, मोटारीचेच ब्रेक थोडथोडे दाबीत, आम्ही कसेबसे दरींत उतरलों. मागें मुलें गाणीं म्हणत होतीं. त्यांना यांतलें कांहीं कळलें नाहीं. दादांना मात्र सर्व कळलें होतें. ते एक शब्दहि बोलले नाहींत. फक्त त्यांनीं पुढची कडी घट्ट धरली होती.

पुढें आयडाहो स्प्रिंग्ज हें जुनें गांव लागतें. १८५९ सालीं येथें सोनें सांपडलें आणि या डोंगरांत माणसांची रीघ लागली. गांवाबाहेरच्या तळावर आम्हीं ट्रेलर उभा केला. डिलनची जागा त्याच रात्रीसाठीं राखलेली होती, पैसे भरलेले होते, आणि मुलांचा धीर सुटत चालला होता. "हळूहळू जाऊं, सांभाळून उतरूं," असें आम्हीं म्हणून पाहिलें. तेव्हां दादा प्रथमच बोलले. त्यांची सारी नोकरी कर्जत-लोणावळ्याच्या घाटांत रेल्वेवर झालेली. ते म्हणाले, "अरे, बोरघाट १८६३ सालीं सुरू झाला, तेव्हांपासून त्या उतारानें माणसांना एकच गोष्ट शिकविली आहे. गाडी थांबते कीं नाहीं, हें घाटाच्या माथ्यावर पाहावयाचें असतें; उतारावर नव्हे. तेथें सदतीस फुटांस एक फूट उतार, तरी आम्ही ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडीत नसूं. तुझ्या या रस्त्याचा उतार काय आहे?" पुढील बोगद्यापलीकडचा उतार शंभर फुटांस सहा-सात फूट, म्हणजे बोरघाटाच्या दुपटीहून अधिक होता. आम्ही निरुत्तर झालों. डिलनला फोन करून पहिल्या दोन रात्री सोडल्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं शोधास आरंभ झाला. शेजारच्या ट्रेलरमध्यें एक वृद्ध अमेरिकन जोडपें होतें. त्यांतील गृहस्थ आमची धडपड पाहून आपली हत्यारांची पेटी घेऊन आपण होऊन आले. या ब्रेकांची रचना त्यांनीं आम्हांस फार सुंदर रीतीनें समजावून दिली. प्रत्येक चाकाच्या ड्रममध्यें एक विद्युच्चुंबक असतो. चालकानें ब्रेक दाबला कीं मोटारींतील कंट्रोलर नांवाची लहानशी डबी ट्रेलरकडे वीज सोडते. चुंबक फिरत्या ड्रमला चिकटूं पाहातो, त्याच्याबरोबर थोडा ओढला जातो, आणि त्या ओढीनें एक दांडा ब्रेक-शू बाहेर रेटतो. म्हणजे चाकाची गतीच चाकाला आंवरण्याच्या कामीं लागते! वीज कमी पोंचली तर चुंबक दुबळा, आणि चुंबक दुबळा तर सारेंच दुबळें.

अशा एका चुंबकास पूर्ण दाबांत सुमारें तीन अँपियर वीज लागते. चार चाकांस बारा. आमच्या मीटरवर जेमतेम पांच दिसले. मोटार आणि ट्रेलर यांना जोडणारा सात टोंकांचा प्लग तपासला, तो स्वच्छ होता. निळी तार ब्रेकांची, तिचे सांधेहि पक्के होते. अखेर दोष सांपडला तो पांढऱ्या तारेंत. वीज जाते त्या वाटेकडे सर्वांचें लक्ष असतें. ती परत येते त्या वाटेकडे कोणी पाहात नाहीं. ही अर्थिंगची तार ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्यास स्क्रूनें बसविलेली होती, पण ती थेट रंगावरच! रंग खरवडून लोखंड उघडें केलें, तार पुनः आंवळली, आणि मीटरचा आंकडा साडेअकरापर्यंत चढला. त्यानंतर एकेक चाक जॅकवर उचलून फिरवून पाहिलें. दोन चाकांचे शू फारच सैल होते. ड्रमच्या मागील फटींतून दांतेरी चक्री फिरवून ते चाक जड होईपर्यंत आवळले, आणि मग फिरतांना किंचित् घासल्याचा आवाज येईल इतके सैल सोडले.

एवढ्यानें काम संपलें, असें आम्हांस वाटलें होतें. "आतां यांना शिकवायला हवें," असें ते वृद्ध गृहस्थ म्हणाले. नवीन लायनर आणि नवीन ड्रम एकमेकांस सर्व बाजूंनीं टेकत नाहींत. उंचवटे तेवढे घासतात. म्हणून ते एकमेकांत मुरवावे लागतात. दुसऱ्या दिवशीं पहांटे, रस्ता रिकामा असतां, नदीकांठच्या जुन्या रस्त्यानें आम्ही चढाच्या दिशेस निघालों. म्हणजे कांहीं चुकलें तरी गाडी धांवत सुटावयाची भीति नाहीं. ताशीं चाळीस मैलांचा वेग घ्यावयाचा, मोटारीच्या ब्रेकला पाय न लावतां कंट्रोलरची कळ हातानें दाबून केवळ ट्रेलरच्या ब्रेकांनीं तो वीसावर आणावयाचा, मग मैलभर निवूं द्यावयाचें, आणि पुनः तेंच. असें वीस वेळां केलें. पहिल्या चार-पांच खेपांत फारसा फरक दिसला नाहीं. आठव्या-नवव्या खेपेस किंचित् करपल्यासारखा वास आला. पंधराव्या खेपेस मात्र कोणीं मागून पदर धरून ओढावें तशी गाडी थांबूं लागली. दादा प्रत्येक खेप कागदावर टिपून घेत होते; निवृत्तीनंतर इतका आनंदी चेहरा आम्हीं त्यांचा पाहिला नव्हता.

ब्रेक पुरते निवावेत म्हणून दुपारीं ट्रेलर तळावरच ठेवला, आणि सर्व मंडळींना घेऊन जॉर्जटाउनची छोटी आगगाडी पाहिली. जॉर्जटाउन आणि सिल्व्हर प्लूम या दोन खाणींच्या गांवांत सरळ अंतर दोन मैलांचें, पण चढ सहाशें फुटांहून अधिक. म्हणून १८८४ सालीं रूळ वळवीत वळवीत, एका उंच पुलावरून स्वतःलाच ओलांडून वर नेले. १९३९ सालीं तो मार्ग उखडला गेला आणि १९८४ सालीं पुनः उभारला. आईला माथेरानच्या गाडीची आठवण झाली. ऐंशीच्या घरांतील आईला साडेसात हजार फुटांवरील या दोन दिवसांच्या मुक्कामानें विरळ हवेची संवयहि झाली, हा लाभ अनपेक्षित होता.

निघण्यापूर्वीं शेवटची परीक्षा राहिली होती. आंकडा तुटून ट्रेलर सुटलाच, तर एक खुंटी उपटली जाऊन त्याच्या स्वतःच्या बॅटरीनें ब्रेक लागावेत, अशी योजना असते. प्लग काढून ती खुंटी उपटली, आणि मोटार हळूच पुढें घेतली. ट्रेलर हातभर सरकला आणि खिळल्यासारखा उभा राहिला. मुलांनीं टाळ्या वाजविल्या.

आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांवर, डोंगराच्या पोटांतून सुमारें पावणेदोन मैल जातो. १९७३ सालीं तो खुला झाला. त्यांतून बाहेर येतांच रस्ता खालीं झेपावतो. गिअर आधींच खालचा घातला होता. ब्रेक दाबला, पाठींत हात आला नाहीं. दादांनीं बाजूला बोट दाखविलें. ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींसाठीं रस्त्यालगत वाळू-खडीचा एक चढता फांटा काढलेला होता. "आमच्या घाटांतली कॅच सायडिंग!" ते म्हणाले. "सुटलेली गाडी चढावर घालायची. युक्ति तीच, मुलूख दुसरा." आई डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती. खालीं सपाटीवर आल्यावर तिनें डोळे उघडले आणि विचारलें, "झाला का घाट?"

डिलनच्या तळावर उतरतांच आम्हीं चारहि चाकांच्या तुंब्यांजवळ हात नेऊन पाहिला. सर्वांची ऊब सारखी होती, म्हणजे चौघेहि आपापला भार उचलीत होते. संध्याकाळीं वहिनींनीं पिठलें-भात केला. समोरचा जलाशय १९६३ सालचा. धरण बांधतांना जुनें डिलन गांव उठवून वर न्यावें लागलें. हें ऐकून आईला मुळशीच्या पाण्याखालीं गेलेलीं गांवें आठवलीं, आणि ती बराच वेळ गप्प बसून राहिली.

रात्रीं निजतांना आमच्या मनांत मात्र फ्लॉइड हिलचा तो धक्का होता. ज्या गाडींत आई होती, मुलें होतीं, ती गाडी आम्ही "सांभाळून उतरूं" एवढ्या भरंवशावर त्याहून मोठ्या घाटांत घालावयास निघालों होतों. आणि तेंहि दोन रात्रींचें भाडें वांचविण्यासाठीं. घरांतील वडील माणसानें नाहीं म्हटलें, आणि आम्हीं तें ऐकलें, इतकेंच. परत आल्यावर पहिल्या दोनशें मैलांनंतर ब्रेक पुनः आंवळले. मुरतांना लायनर झिजतात, म्हणून तें करावेंच लागतें. त्या दिवशीं चाकाशेजारीं स्टूल टाकून दादा बसले होते, हातांत तोच टिपणाचा कागद होता. आईनें आंतून विचारलें, "नट पाहिलेत ना रे?" या खेपेस कोणी हंसलें नाहीं.