पान कोणाला द्यायचे?

माझ्या थोरल्या मुलीने साठवलेले अठरा हजार रुपये मोडायचे ठरवले, तेव्हा आमच्या घरात दोन दिवस चूल पेटली खरी, पण कोणी कोणाशी धड बोलले नाही.

मुलगी एकवीस वर्षांची आहे. वागळे इस्टेटमध्ये ज्या जागी माझे वडील लेथवर उभे राहायचे, तिथे आता काचेची इमारत आहे आणि त्या इमारतीत ती संगणकावर बिले भरण्याचे काम करते. वडिलांची कंपनी बंद पडली तेव्हा मी बारावीला होतो. हिशेब मिळायला सात वर्षे लागली. त्यामुळे आमच्या घरात साठवलेला पैसा म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. हे अठरा हजार तिच्या पुढच्या वर्षीच्या फीचे होते. आणि ती म्हणाली, "पप्पा, मला अंक काढायचा आहे."

अंक म्हणजे कवितांचा. तिच्यासारखीच आठ-नऊ मुलेमुली आहेत. कोणी किसन नगरचे, कोणी कल्याण पूर्वेचे, एक उल्हासनगरचा रिक्षावाल्याचा मुलगा. मोबाईलवर एकमेकांना कविता पाठवतात. पण मोबाईलवरचे चार दिवसांनी वर सरकून जाते, हातात धरता येत नाही, आजीला दाखवता येत नाही, असे तिचे म्हणणे. सोळा पाने, तीनशे प्रती, मधोमध दोन पिना. झेरॉक्सवाल्याने साडेनऊ हजार सांगितले होते. बाकीचे पुढच्या अंकाला. माझी पत्नी एवढेच म्हणाली, "आधी परीक्षा, मग कविता." मी काहीच म्हणालो नाही. त्याचे कारण पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला विचारले, "राजा ढाले माहीत आहेत का?"

"पँथरवाले ना?"

तिचे चुकले नाही. आपल्या वस्त्यांत ढाले म्हटले की पँथर, पँथर म्हटली की वरळी. २०१९ च्या १६ जुलैला विक्रोळीत ते गेले, तेव्हाही घरोघरी पँथरच आठवली. पण पँथर स्थापन झाली १९७२ साली, आणि ढाले जन्मले ३० सप्टेंबर १९४० ला, सांगली जिल्ह्यातल्या नांद्रे गावी. म्हणजे पँथर निघाली तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. त्याआधी हा तरुण काय करत होता? कविता लिहीत होता, चित्रे काढत होता आणि अंक काढत होता. 'तापसी', 'येरू', 'चक्रवर्ती' ही त्यांच्या नावाशी जोडलेली अंकांची नावे. पुढे 'विद्रोह', आणि त्याहीपुढे 'धम्मलिपी'. आमची मुले जयंतीच्या मिरवणुकीत पँथरच्या घोषणा देतात, त्याचा मला अभिमान आहे. पण 'येरू' हे नाव त्यांच्यापैकी एकालाही माहीत नसते. येरू म्हणजे दुसरा, ऐरागैरा, ज्याला कोणी विचारत नाही तो. अंकाला असे नाव ठेवणारा माणूस मला आवडतो.

साठीच्या दशकात असे अंक मुंबईत बरेच निघत. त्यांना लघुअनियतकालिके म्हणत. नियमित निघणार नाही, अशी कबुली नावातच. तुळसी परब, सतीश काळसेकर, वसंत दत्तात्रेय गुर्जर ही मंडळी त्याच वर्तुळातली. बरेचसे अंक सायक्लोस्टाईलवर निघत. हे यंत्र आजच्या मुलांनी पाहिलेले नाही, म्हणून सांगतो. मेणाचा थर दिलेला एक पातळ कागद असे. टाईपरायटरची रिबन बाजूला करून त्यावर अक्षरे मारायची, म्हणजे मेण कापले जाई. मराठी टाईपरायटर नसला तर टोकदार लेखणीने हाताने लिहायचे. मग तो कागद शाईच्या ड्रमवर चढवायचा आणि हँडल फिरवत बसायचे. काही शे प्रती निघेपर्यंत कागद फाटायला येई. हातांची शाई दोन दिवस निघत नसे. छापखान्यात खिळे जुळवून घ्यायला लागणारा पैसा ज्यांच्याकडे नव्हता, त्यांना या यंत्राने छापखान्याचा मालक केले.

पण नुसता पैसा वाचवण्यासाठी हे अंक निघाले नाहीत. त्या काळी 'सत्यकथा' मासिकात कविता छापून येणे म्हणजे कवी असल्याचे प्रमाणपत्र होते. गिरगावातल्या खटाववाडीतून ते मासिक निघे. त्यात उत्तम साहित्य आले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कोणाची कविता कविता आहे आणि कोणाची नाही, हे तिथले मोजके लोक ठरवत. त्यांच्या चवीबाहेरचे ते साभार परत. १९६९ साली ढाल्यांनी 'येरू'त 'सत्यकथेची सत्यकथा' लिहिली आणि या तरुणांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली.

मला स्वतःला ही होळी पटत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, ती हजारो वर्षांच्या गुलामीचा कायदा म्हणून. एका साहित्याच्या मासिकाला तीच शिक्षा देणे हे तरुण रक्ताचे काम. माझ्या मुलीला मात्र नेमकी तीच गोष्ट आवडली, तिचे डोळे चमकले. मी तिला म्हटले, जाळणे सोड, त्यामागचा प्रश्न बघ. पान कोणाच्या हातात आहे? तो प्रश्न खरा होता आणि फार जुना होता. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून तो अंक उभा राहिला, तरी १९२३ मध्ये बंद पडला. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहून काढत. १९२९ ला तोही थांबला. आपल्या पत्रांचा इतिहास हा बंद पडण्याचा आणि पुन्हा काढण्याचा इतिहास आहे.

त्याच सुमारास औरंगाबादेत गंगाधर पानतावणे सरांनी 'अस्मितादर्श' सुरू केले. १९६७-६८ पासून ते पुढे कित्येक दशके त्यांनी नेटाने चालवले, आपल्या किती लिहित्या हातांना पहिले पान दिले त्याची गणती नाही. मी पडलो हिशेबनीस, त्यामुळे नेमाने चालणाऱ्या अंकाकडे माझा ओढा जास्त. ढाल्यांचे अंक निघत आणि बंद पडत. परंतु मुलीशी बोलताना ढाले डोळ्यांपुढे आले ते यासाठी की, त्यांच्यात कवी आणि संपादक वेगळे करता येत नाहीत. एकेका शब्दासाठी ते भांडत. 'दलित' हा शब्द त्यांना मान्य नव्हता. आपण फुले-आंबेडकरी आहोत, बौद्ध आहोत, मग दुसऱ्याने पायाखाली दडपलेला अशी ओळख आपण का मिरवायची, हा त्यांचा सवाल असे. या मुद्द्यावर त्यांच्या जवळच्या मित्रांशीही त्यांचे बिनसले. हे बरोबर की चूक, यावर आमच्या कट्ट्यावर आजही वाद होतो. पण लिहिणाऱ्याने शब्द उचलण्याआधी हातात तोलून पाहावा, ही सवय संपादनातून येते, मोर्चातून येत नाही.

आणि तोललेला शब्दही किती महाग पडतो, ते १९७२ ला दिसले. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली म्हणून 'साधना' साप्ताहिकाने १५ ऑगस्टला विशेषांक काढला. अनिल अवचटांनी तो सिद्ध केला होता. त्यात ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. त्या वर्षी परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात आपल्या भगिनींची विटंबना झाली होती. ढाल्यांनी कायद्यातल्या दंडाचा हिशेब मांडला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला तीनशे रुपये, आणि बाईच्या लुगड्याला हात घालणाऱ्याला पन्नास. हा हिशेब मांडून झाल्यावर त्यांनी ध्वजाबद्दल जो कडक शब्द वापरला, त्यावर महाराष्ट्रभर गदारोळ उठला. लोकांना तो शब्द आठवतो. पन्नास रुपये आठवत नाहीत. मी कारकून असल्यामुळे असेल, मला ते पन्नास रुपयेच आठवतात.

पुढचे सर्वांना माहीत आहे. जानेवारी १९७४ ची वरळीची दंगल, पँथरमधली फूट, १९७७ साली ढाले आणि ज. वि. पवारांनी केलेली बरखास्तीची घोषणा. नंतर ते निवडणुकाही लढले. २००४ मध्ये ईशान्य मुंबईतून उभे होते, तेव्हा आम्ही काही मुले चेकनाका ओलांडून मुलुंडला पत्रके वाटायला गेलो होतो. पडणार हे माहीत होते. त्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून वडापाव खाताना आमच्यातला एक जण म्हणाला होता, "या माणसाने निवडणुकीऐवजी अंकच काढत राहायला हवे होते." आम्ही त्याला गप्प केले. आज वाटते, त्याचे अगदीच चूक नव्हते.

आता माझी गोष्ट. मुलीला मी ती त्या दिवसापर्यंत सांगितली नव्हती.

२००१ ते २००२ या काळात मीही अंक काढत होतो. तीन निघाले. डीटीपी एका मित्राच्या ओळखीने रात्री नऊनंतर अर्ध्या भावात, आणि प्रती झेरॉक्सच्या. मी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. तिसरा अंक १४ एप्रिलचा होता. आमच्या गल्लीत एक वयस्कर बाई राहायच्या. कारखान्यांच्या आवारात झाडलोट करायच्या. लिहिता-वाचता येत नव्हते. दळताना, भांडी घासताना त्या बाबांवर ओव्या जुळवायच्या. त्यांतल्या सात ओव्या त्यांनी आपल्या मुलाकडून वहीच्या कागदावर लिहून घेतल्या आणि माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, "बाळा, छापशील ना?" मी हो म्हणालो.

अंक छापायला सहाशे रुपये कमी पडत होते. तेव्हा वस्तीतल्या एका पुढाऱ्याने पूर्ण पानाची जाहिरात देऊ केली. वाढदिवसाच्या शुभेच्छा, मधोमध फोटो. पाने वाढवणे परवडत नव्हते. चाराच्या पटीत पाने असतात, एक वाढवायचे तर चार वाढतात. मी ओव्यांचे पान काढले आणि फोटो टाकला. पुढच्या अंकात घेऊ, असे स्वतःला सांगितले. पुढचा अंक निघालाच नाही. मला नोकरी लागली, मग लग्न, मग संसार.

अंक घेऊन मी त्या बाईंकडे गेलो होतो. त्यांनी तो मुलाकडे दिला, "कुठंय रं माजं?" म्हणाल्या. मुलगा पाने उलटत राहिला. मी चहा न घेता निघालो. पुढे कधी गल्लीत भेटल्या तर त्याच आपुलकीने विचारायच्या, "बरा हायेस ना बाळा?" त्या विषयावर अक्षर नाही. २००९ ला त्या वारल्या. पुण्यानुमोदनाला मी मागच्या रांगेत बसलो होतो.

खटाववाडीतल्या संपादकांवर ढाले चिडले, ते निदान चवीपायी कविता परत करत होते. मी तर सहाशे रुपयांसाठी केली. म्हणून मुलीने अठरा हजारांचे नाव काढले तेव्हा माझ्या तोंडून नाही निघाले नाही, हो सुद्धा निघाले नाही.

एवढे सांगून मी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. तिन्ही अंक होते. वाळवीने एकाची कड खाल्ली आहे. तिसऱ्या अंकात तो वहीचा कागद घडी करून ठेवलेला होता, शाई फिकट झाली आहे पण वाचता येते. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिलाही हे ठाऊक नव्हते. तिने कागद हातात घेऊन दोन ओव्या हळूच चालीवर म्हणून पाहिल्या, तिच्या आईची चाल तीच आहे म्हणाली. फीचे काय करायचे ते नंतर बघू, असेही म्हणाली.

मुलीने तिची पाने जमिनीवर मांडली होती. सोळाच्या सोळा भरलेली. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने आपल्या दोन कवितांपैकी लांबलचक होती ती उचलून बाजूला ठेवली आणि वहीचा कागद त्या जागी ठेवला. वर नाव लिहायला पेन उघडले.

"पप्पा, त्या आजींचे नाव काय?"

आम्ही सगळे त्यांना मुलाच्या नावाने अमक्याची आई म्हणायचो. कागदावर खाली मुलाने नाव लिहिलेले नाही. मी आठवून पाहिले, पत्नीने आठवून पाहिले. त्यांचा मुलगा आता दिव्याला राहतो असे ऐकले आहे. येत्या रविवारी त्याचा पत्ता काढून जाणार आहे.