यूएसबीची सफाई: काही टिपणे

लॅपटॉप आणि डॅक (गाण्याच्या आकड्यांचा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र) यांच्या मध्ये खोचायची बोटाएवढी डबी. ऑडिओक्वेस्टचा जिटरबग २०१५ साली ४९ डॉलरला आला. आत फक्त फिल्टर, तारांवरचा उच्च वारंवारतेचा गोंगाट कमी करणारा. त्याच वर्षीचा अपटोनचा रीजेन तेव्हा १७५ डॉलरचा; तो आलेला सिग्नल नव्याने घडवून पुढे पाठवतो. दोघांचा दावा एकाच जातीचा: कॉम्प्युटरचं यूएसबी गढूळ असतं, ते गाळलं की गाणं उजळतं. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे.

*

यूएसबी २.० च्या केबलीत चार तारा. एक पाच व्होल्टची, एक ग्राउंडची, दोन डेटाच्या. गाण्याचे आकडे डेटाच्या जोडीतून जातात. विजेचा गोंगाट मुख्यतः उरलेल्या दोघींवरून. आकडे बिघडतात का आणि गोंगाट पोचतो का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की निम्मा वाद तिथेच मिटतो.

*

आकड्यांपुरतं. ऑडिओच्या प्रत्येक पाकिटासोबत तपासणीचा एक आकडा असतो, पण पाकीट बिघडलं तर ते पुन्हा मागवलं जात नाही. विक्रेते नेमकं यावर बोट ठेवतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. फक्त पुढचं सांगत नाहीत. पाकीट बिघडलं तर टक् असा आवाज येतो किंवा क्षणभर खंड पडतो. खर्ज पातळ होत नाही, तंबोऱ्याची जवारी बोथट होत नाही. तारेतल्या चुकीला खर्ज कुठला आणि जवारी कुठली, हे ठाऊकच नसतं. टक्टक येत नसेल तर आकडे धड पोचत आहेत.

*

जिटर म्हणजे आकडे वेळेवर न वाजणं. जुने यूएसबी डॅक कॉम्प्युटरच्या तालावर चालत, तेव्हा ही तक्रार रास्त होती. वेव्हलेंथ ऑडिओचे गॉर्डन रँकिन यांनी असिंक्रोनस पद्धत रुजवली आणि चित्र पालटलं: घड्याळ डॅकचं स्वतःचं, आणि आकडे हवे तसे तोच मागून घेतो. नगरपालिकेचं पाणी कसंही येवो, गच्चीवरच्या टाकीमुळे नळाची धार सारखी राहते, तसं. ऑडिओक्वेस्टच्याच २०१२ च्या ड्रॅगनफ्लाय डॅकमध्ये रँकिन यांची ही पद्धत आहे. अशा डॅकपुढे जिटरसाठी म्हणून आणखी डबी कशाला?

*

आता गोंगाट. हा खरा आहे आणि ऐकूही येतो. केबलीतूनच वीज घेणाऱ्या स्वस्त डॅकमध्ये १ किलोहर्ट्झ किंवा ८ किलोहर्ट्झवर बारीक शिट्टी येऊ शकते, कारण यूएसबीची फ्रेम, म्हणजे डेटा पाठवण्याचा ठोका, सेकंदाला हजार वेळा येते, आणि हाय स्पीड यूएसबीला आठ हजार वेळा मायक्रोफ्रेम. माउस हलवला की हेडफोनमध्ये चिरचिर येते तीही याच कुळातली.

आपल्याकडे त्याहून जास्त भेटते ती ५० हर्ट्झची गुणगुण. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनी, ॲम्प्लिफायरही तीन पिनी. दोघे भिंतीतल्या अर्थिंगने जोडलेले आणि इकडे केबलींनीही जोडलेले. वर्तुळ पुरं झालं की त्यातून प्रवाह फिरतो. किंवा उलट: जुन्या वाड्यात, चाळीत सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे तारच नसते, आणि लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात. तोच गळका प्रवाह ग्राउंडवरून ॲम्प्लिफायरकडे वाट काढतो.

या गुणगुणीवर जिटरबगसारखा फिल्टर काही करू शकत नाही. तो ग्राउंड तोडतच नाही.

*

तपासायला पैसे लागत नाहीत. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. गुणगुण गेली तर चोर चार्जरच्या वाटेने येत होता. मग सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून पाहा. ऑप्टिकल जोडणीची सोय असेल तर ती वापरा. प्रकाशातून ग्राउंड जात नाही. तेही नसेल तर यूएसबी आयसोलेटर घ्या, जो दोन बाजू विजेने खरोखर वेगळ्या करतो. एडीयूएम४१६० ही चिप असलेले स्वस्त मिळतात, पण ती १२ मेगाबिटपर्यंतच चालते: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ स्टीरिओला पुरे. हाय स्पीडच मागणारा डॅक मात्र त्यावर अडेल.

अर्थची पिन तोडून गुणगुण घालवणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका. यंत्रात बिघाड झाला तर ती पिनच जीव वाचवते.

*

"पण मला फरक ऐकू आला." यावर हसू नये. ऐकू आलेलं खोटं नसतं. त्याचं कारण डबीत आहे की नाही, एवढाच प्रश्न. दुसऱ्यांदा ऐकताना कान आपोआप वेगळ्या जागी थांबतो, आणि नवी वस्तू लावली आहे हे मनाला ठाऊक असतं. म्हणून डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एबीएक्स चाचणी मांडली. क आणि ख दोन्ही ऐकायचे, मग अनोळखी क्ष त्यातला कोणता ते सांगायचं. काय जोडलंय ते कुणालाच माहीत नसतं. १६ पैकी १२ बरोबर आले तर नुसत्या अंदाजाने तसं होण्याची शक्यता सुमारे ४ टक्के. घरीही जमतं: मित्राने नाणं उडवून डबी लावायची किंवा काढायची, आपण पाठ करून बसायचं, बोलणं बंद.

*

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ गतीच्या तबकड्या डिजिटल करून ऐकणारे पुष्कळ आहेत. लाखेच्या तबकडीची खरखर कुठल्याही धड डॅकमध्ये शिरणाऱ्या यूएसबीच्या गोंगाटापेक्षा कितीतरी मोठी. तरी खाँसाहेबांचा स्वर तिच्यातूनही पोचतो. तिथे पैसा घालायचाच तर चांगल्या प्रतीवरून, योग्य सुईने केलेल्या हस्तांतरावर घालावा.

*

माझं मत: चांगल्या असिंक्रोनस डॅकला या डब्यांचा उपयोग नाही. वाईट डॅकला कधीकधी होतो, पण त्या पैशात डॅकच बदलावा. गुणगुण असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या. आणि तरीही कुणी डबी विकायला आला, तर डॅकच्या ॲनालॉग आउटपुटवर घेतलेली मापं मागा, डबी लावून आणि काढून, दोन्ही. यूएसबीच्या तारेवरचा आलेख दाखवला तर घेऊ नका. आपण तार ऐकत नाही.