ज्वर, ऊन आणि एक अल्पायुषी रेणू

जून-जुलैत, जेव्हा सह्याद्रीच्या माथ्यावर ढग टेकलेले असतात आणि गावाकडून येणाऱ्या प्रत्येक फोनवर पेरणीचीच वार्ता असते, तेव्हा इकडे अल ऐन येथे जबल हफीतचे उघडे, करडे कडे तापून निघतात व पारा ४५ अंशांच्याही वर जातो. म्हणूनच संयुक्त अरब अमिरातींत १५ जून ते १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन भर उन्हात काम करून घेण्यास सरकारी मनाई आहे. अशाच एका उन्हाळ्यात सोलापूरकडच्या एका गवंड्याने खिशातून आयबुप्रोफेनच्या गोळ्यांची पट्टी काढून मला दाखविली. “कामावर निघताना एक घेतोच, साहेब. गोळी ताप उतरवती, मग ऊनबी उतरवंल की.”

ज्या विषयात माझे आयुष्य गेले, त्याच्या गाभ्यालाच त्याने हात घातला होता.

१९३५ साली स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांना वीर्यद्रवात एक प्रभावी द्रव्य आढळले आणि ते प्रोस्टेट ग्रंथीतून येत असावे अशा समजुतीने त्यांनी त्याला ‘प्रोस्टाग्लँडिन’ हे नाव दिले. समजूत पुढे चुकीची ठरली, नाव मात्र कायम राहिले. बर्गस्ट्रॉम व साम्युएलसन यांनी त्याची रचना व घडण उलगडली, अ‍ॅस्पिरिन ही घडणच रोखते असे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले, आणि १९८२ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

या रेणूचा साठा शरीर कोठेही करीत नाही. पेशीच्या आवरणातच वीस कार्बन-अणूंचे एक मेदाम्ल गुंतलेले असते. इजा झाली, जंतू शिरला, की ते सुटे होते आणि सायक्लोऑक्सिजनेज नावाचे विकर त्याला प्रोस्टाग्लँडिनचे रूप देते. हा रेणू म्हणजे एक हुकूमच; तो ज्या तालुक्याचा त्याच तालुक्यात बजावला जातो, कारण रक्तात उतरलेला बहुतेक भाग फुप्फुसांतून एकदा जाताच नष्ट होतो. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की हुकमाचा अर्थ हुकमात नसून तो वाचणाऱ्या पेशीत असतो: प्रोस्टाग्लँडिन ई-२ ला चार प्रकारचे ग्राही आहेत, आणि एकाच अक्षराने कोठे वेदना तीव्र होते, कोठे जठराच्या अस्तराचे रक्षण होते.

ज्वरात हेच ई-२ मेंदूतील हायपोथॅलॅमसला उष्णतेची पातळी वर नेण्यास सांगते, आणि शरीर हुडहुडी भरवून ती उष्णता स्वतःच उत्पन्न करते. अ‍ॅस्पिरिनप्रमाणेच ही घडण रोखणाऱ्या आयबुप्रोफेनच्या गोळीने तो हुकूम रद्दबातल होतो व घाम फुटून ताप उतरतो. परंतु ऊन लागलेल्या माणसाच्या मेंदूने असा हुकूम सोडलेलाच नसतो. तो तर घाम गाळून, त्वचेकडे रक्त धाडून, निवण्याचीच पराकाष्ठा करीत असतो, आणि बाहेरचा दाह व स्नायूंची ऊब यांपुढे हतबल होतो. तेथे गोळीला रद्द करण्यासारखे काहीच सापडत नाही. उलट, शरीरातील पाणी आटले असता मूत्रपिंडाकडे जाणारी सूक्ष्म रोहिणी उघडी ठेवण्याचे काम हाच रेणू करतो. तो अडविला, की रक्ताचा ओघ घटतो, आणि तरणाताठा माणूस मूत्रपिंड गमावू शकतो.

पाठ्यपुस्तकांत ज्वर एका प्रकरणात, उष्माघात दुसऱ्यात आणि मूत्रपिंड तिसऱ्यात असते. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या देहात ही तिन्ही प्रकरणे एकाच दुपारी उघडतात, आणि गोळ्यांच्या पट्टीवर त्याला वाचता येईल अशा भाषेत हे लिहिलेले नसते, याचे मला फार वाईट वाटते.

त्या गवंड्याला मी सांगितले: ऊन लागले तर सावली गाठायची, अंगावर गार पाणी ओतायचे, वारा घालायचा, शुद्धीवर असेल त्याला पाणी पाजायचे, आणि जीभ अडखळू लागली की वेळ न दवडता इस्पितळ. त्याने सारे लक्षपूर्वक ऐकले, पट्टी दुमडून खिशात ठेवली आणि विचारले, “मग कंबर दुखली तर काय करायचं, साहेब?”

डॉक्टरांना दाखव, आणि त्यांनी गोळी दिलीच तर दिवसभराचे पाणी भरून निघाल्यावर रात्री जेवून घे, एवढेच मला सांगता आले. सकाळी उचलायच्या विटांबद्दल माझ्यापाशी काहीच नव्हते.