एकच मडके

आमच्या घरी पक्षी पाळावेत असे कुणाच्या मनात कधी आले नव्हते. चाकणला आमच्या वाड्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्या आहेत. औद्योगिक वसाहत आली तशा त्या भाड्याने जाऊ लागल्या. बिऱ्हाडकरू येतात, वर्ष-सहा महिने कारखान्यात राबतात, आणि कंत्राट संपले की एका रात्रीत गाशा गुंडाळून जातात. जाताना मागे काही ना काही राहतेच. कधी फुटका आरसा, कधी देवाची तसबीर. गेल्या वर्षी असाच एक बिहारकडला पोरगा गेला तो तारेचा एक पिंजरा मागे ठेवून गेला. आत दोन पक्षी होते.

"लव्हबर्ड आहेत, मास्तर. जोडी आहे. सांभाळा," एवढेच जाताना म्हणाला.

वस्तुतः ते लव्हबर्ड नव्हेत. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. आपल्याकडे बाजारात त्या नावाने खपतात ते ऑस्ट्रेलियातले बजरीगर. 1840 साली जॉन गूल्ड नावाच्या पक्षितज्ज्ञाने ते जिवंत इंग्लंडात नेले आणि तेथून ते जगभर पिंजऱ्यात शिरले. आपला हिरवा राघू पाळणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा ठरते. शाळेतली पोरे अधूनमधून ढोलीतले पिल्लू दप्तरात घालून आणतात, त्यांना मी हे दरसाल सांगतो. हे परदेशी पाहुणे मात्र पाळता येतात. हे सगळे मागाहून कळले. त्या दिवशी मला एवढेच दिसले की, चिमणीहून थोडे मोठे दोन पोपट आहेत, एक निळा, एक पिवळा, आणि घरात धाकट्या कन्येचा आनंद मावत नाही.

नाकावरची कातडी निळी तो नर, तपकिरी ती मादी, हे ज्ञान मला पिंपरीच्या एका पक्षी विकणाऱ्याने दिले. कन्येने मादीचे नाव ठेवले राणीसाहेब. नराचे नाव तिने ठेवले फिरंगोजी. शाळेत नुकताच संग्रामदुर्गाचा धडा झाला होता. 1660 साली शाइस्तेखानाच्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने आमचा हा भुईकोट पन्नासहून अधिक दिवस झुंजवला. गावातले प्रत्येक पोर हे अभिमानाने सांगते; किल्ल्याच्या उरल्यासुरल्या भिंती पाहायला मात्र फारसे कुणी जात नाही. असो.

पिंजऱ्यात एक मडके टांगले. कडेला मुठीएवढे भोक पाडलेले, तळाशी मूठभर लाकडाचा भुसा. राणीसाहेबांनी चार दिवस त्याची पाहणी केली आणि मग आत ठाण मांडले. दिवसाआड एक याप्रमाणे पाच अंडी झाली. ती आत बसे आणि फिरंगोजी भोकाशी येऊन तिला आपल्या चोचीतला घास भरवी. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून हे पाहात आणि नंतर माझ्याकडे पाहात. काही बोलत नसत. मला समजत असे.

अठराव्या दिवशी पहिले पिल्लू निघाले. डोळे मिटलेले, अंगावर लव नाही, शेंगदाण्याएवढा गुलाबी मांसाचा गोळा. अंडी दिवसाआड घातलेली, म्हणून पिल्लेही दिवसाआड. पाचवे अंडे पोकळ निघाले. चौथे पिल्लू फुटले तेव्हा थोरल्याचे अंग त्याच्या कितीतरी पट झाले होते. पंचाईत येथूनच सुरू होते, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक! मी तर दिवसातून दहा वेळा बॅटरी घेऊन मडक्यात डोकावत होतो.

एका रविवारी सकाळी कन्या ओरडत आली. धाकटे पिल्लू पिंजऱ्याच्या तळाशी पडले होते आणि त्याच्या डोक्यावर रक्त होते. मी म्हटले, उंदीर असेल. सौ. म्हणाली, पाल असेल. पिंजऱ्याला बारीक जाळी मारली. ते पिल्लू तिने कापसात ठेवले, राळ्याची पातळ पेज थेंबथेंब पाजली. तिसऱ्या रात्री ते गेले. मग थोरल्या पिल्लाच्या मानेवर नुकती फुटलेली पिसे नाहीशी दिसू लागली. मी दुपारी शाळेतून लवकर येऊन पिंजऱ्यासमोर दबा धरून बसलो. उंदीर नव्हता. पालही नव्हती. राणीसाहेब स्वतः पिल्लाच्या मानेवर पाय देऊन एकेक पीस उपटत होत्या आणि पिल्लू अंग चोरून ओरडत होते.

"कैदाशीण मेली!" सौ. म्हणाली. "आई म्हणायची का हिला? पोटच्या पोराला असं कुणी करतं?"

ओट्यावर माझी आई कांदे निवडत बसली होती. तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

पिंपरीचा पक्षीवाला मला पाहून हसला. "मास्तर, तिला दुसरी अंडी घालायची आहेत. मडकं रिकामं होत नाही म्हणून ती पोरांना हाकलतेय. दुसरं मडकं दिलंत का?" मी दिले नव्हते. "समुद्रफेस ठेवलात? हिरवा पाला? मडक्यातला भुसा बदलला?" मी फक्त बाजरी घालत होतो. आणि बॅटरी घेऊन डोकावत होतो म्हणताच त्याने कपाळाला हात लावला. सगळ्याच माद्या असे करीत नाहीत. पण जागा अपुरी, चुन्याचा तुटवडा, घाण, सतत कुणी डोकावणारे, अशा घरात शहाण्या मादीचेही डोके फिरते. त्याने उपाय सांगितला तो साधा होता. मादीला दुसऱ्या पिंजऱ्यात काढा. थोरले पिल्लू तीन आठवड्यांचे झाले आहे, बाकीच्यांच्याही अंगावर पिसे फुटली आहेत. आता बाप एकटा वाढवील.

"बाप?" मी विचारले.

"तोच वाढवतो. पिल्लं मडक्याबाहेर आली की भरवणं मुख्यतः त्याच्याकडंच. बघा तर खरं."

बसमध्ये येताना, खरे सांगायचे तर, पोपट डोक्यात नव्हते. मला माझे वय सहा वर्षांचे आठवत होते.

माझे वडील मी चार वर्षांचा असताना गेले. आईने वर्षभराने पाट लावला. नव्या घरी एकच खोली, सासू, दोन दीर. मला तिने आजीपाशी ठेवले, तालुक्यातल्याच एका वाडीत. दोन वर्षे ती आली नाही. आजी शेजारणीला सांगे, "पोर टाकून गेली." मी ते ऐकत मोठा होत होतो. मग एका उन्हाळ्यात सायकलवर एक माणूस आला. खांद्यावर बाजारातल्या हमालाचे गोणपाट तसेच होते, अंगाला कांद्याचा वास. तो आजीशी बराच वेळ बोलला. मला म्हणाला, "चल, पुढं दांडीवर बस." मी बसलो नाही. तो सायकल हातात धरून माझ्याबरोबर चाकणपर्यंत चालत आला. तेच आबा. मला त्यांनी मॅट्रिकपर्यंत शिकवले, आणि त्यापुढे मी शिकलो नाही याचे दुःख माझ्यापेक्षा त्यांना अधिक होते. माझी पहिली कादंबरी त्यांना वाचता येत नव्हती. ते ती बाजारात हमालांना हातात घेऊन दाखवीत.

आबांविषयी मी पुष्कळ लिहिले आहे. आईला त्या दोन वर्षांविषयी मात्र कधी विचारले नाही. कादंबरीतही ती दोन वर्षे मी वळसा घालून गेलो.

घरी आल्यावर राणीसाहेबांना वेगळे केले. अर्धा दिवस फिरंगोजी जाळीला लटकून तिला हाका मारीत राहिला. आम्ही सारे श्वास रोखून होतो. दिवेलागणीला तो दाण्यांवर उतरला, पोटभर खाल्ले, मडक्याच्या भोकाशी गेला, मान वरखाली हलवली आणि तिन्ही पिल्लांना पाळीपाळीने भरवू लागला.

थोरल्या मुलाने त्या रात्री मोबाइलवर शोधून आणखी एक हकीकत वाचून दाखवली. व्हेनेझुएलात एका गुरांच्या कुरणावर प्राध्यापक बाइसिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इवल्या हिरव्या पोपटांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. तेथे घरट्याला जोगी पोकळी मिळणे दुर्मिळ, आणि पिल्लांचे खून होतात ते बहुतेक त्या जागेपायी. मादी विधवा झाली की नवा नर येतो. काही नर आधीची पिल्ले मारतात. काही मात्र त्यांना आपली म्हणून भरवतात. त्यांनी यावर निबंध प्रसिद्ध केला.

मुलगा वाचत होता आणि आई ऐकत होती. त्याचे वाचून झाल्यावर सौ. पुन्हा म्हणाली, "नराचं ठीक आहे हो. पण ही तर सख्खी आई!"

"तिला नावं नगं ठेवूस, सूनबाई," आई म्हणाली. "मडकं येकच हुतं."

कुणी काही बोलले नाही. कन्येने विचारले, "आजी, मग दुसरं असतं तर?" आई म्हणाली, "दुसरं असतं तर ठिवली असती जवळ." मग माझ्याकडे न पाहता ती उठली आणि चुलीपाशी गेली. मीही तिच्या मागे गेलो. काय बोललो ते येथे लिहिणार नाही. फार काही बोललो नाही. तिला पाणी हवे होते, ते दिले.

पुढच्या पंधरा दिवसांत तिन्ही पिल्ले मडक्याबाहेर आली. थोरल्याच्या मानेवर पिसे पुन्हा फुटली, जराशी वाकडीतिकडी. ती आपली आपण दाणे फोडू लागली तेव्हा त्यांना निराळा पिंजरा केला. राणीसाहेबांना विश्रांती देऊन, समुद्रफेस आणि कोथिंबीर खाऊ घालून, पावसाळ्यानंतर पुन्हा फिरंगोजीकडे सोडायचे ठरले. मंडईजवळच्या कुंभाराकडून मी मडके आणायला निघालो, तर आई दारातच म्हणाली,

"दोन आन. आनि मोठी बघून आन."