देहूची वाट आणि मशिदीच्या तीन पायऱ्या

पुण्याहून देहूला जाणारे बहुतेक जण लोकलने देहूरोडला उतरतात आणि पुढे रिक्षा करतात. आम्ही मात्र मेट्रोने निघालो, कारण मामूंची तशी इच्छा होती. कासारवाडीहून पिंपरीपर्यंत मेट्रो, पुढे निगडी आणि निगडीहून देहूगावची बस. माझे मामू सत्तरीला आलेत. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षे लेथ मशीनवर टर्नर म्हणून काम केले. निवृत्तीनंतर काचबिंदूने दृष्टी गेली. आता हातात पांढरी काठी असते आणि कान सदैव जागे.

मेट्रोच्या स्टेशनात जमिनीवर पिवळ्या, उंचवट्यांच्या फरश्या बसवलेल्या आहेत. आपण त्यांच्यावरून रोज चालतो, पण त्या कशासाठी आहेत हे फार थोड्यांना ठाऊक असते. लांब उंचवटे म्हणजे सरळ चला. गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे जिना, कडा किंवा वळण आहे. मामूंची काठी त्या रेघेवरून अशी चालली की मलाच पावले उचलावी लागली. गाडीत प्रत्येक स्टेशनचे नाव पुकारले जात होते. ‘संत तुकाराम नगर’ ऐकताच मामू हसले. म्हणाले, “तुकोबा मेट्रोपर्यंत आले बघ. आता आपण त्यांच्या घरापर्यंत जाऊ.”

पिंपरीला उतरून बाहेर आलो आणि थोड्याच अंतरावर ती पिवळी रेघ संपली. पुढे पदपथावर उभ्या केलेल्या दुचाकी, चहाची टपरी, उघडे चेंबर. मामूंनी काठी आखडती घेतली आणि माझा कोपर धरला. स्टेशनात ते एकटे चालणारे प्रवासी होते. रस्त्यावर येताच ते कुणाच्या तरी आधाराने चालणारे म्हातारे झाले. मामू तेच होते, जमीन बदलली होती.

या पिंपरीला दिव्यांगांच्या संदर्भात सांगण्यासारखे बरेच आहे. पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले, १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला पोहण्यात पहिले आले आणि पुढे त्यांनी टेल्को कंपनीत नोकरी केली. मामूंच्या पिढीतले कामगार आजही त्यांचे नाव अभिमानाने घेतात. महापालिकेने मोरवाडीत दिव्यांग भवन उभारले आहे. तपासणी, उपचार, समुपदेशन आणि प्रशिक्षण एकाच छताखाली मिळावे, हा त्यामागचा विचार. जानेवारी २०२५ मध्ये चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये ‘पर्पल जल्लोष’ हा दिव्यांगांचा मोठा उत्सव झाला. गोव्यात २०२३ पासून असा उत्सव भरतो, त्याच धर्तीवर.

मामूंना देहूला का जायचे होते, तेही सांगायला हवे. तरुणपणी कारखान्यातले मित्र बीजेला देहूला निघत, तेव्हा तेही सोबत जात. दृष्टी गेल्यावर ते थांबले. गेल्या दोन वर्षांत तर त्यांचे मशिदीत जाणेही थांबले. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचे नूतनीकरण झाले. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून जोते उंच केले. कारण रास्तच होते. त्यामुळे दारात तीन पायऱ्या आल्या, गुळगुळीत संगमरवरी, कठड्याशिवाय. वजू करून ओल्या पायांनी चढताना मामू एकदा घसरले. लोक धावले, प्रेमाने घरी पोहोचवले. म्हणाले, “मामू, तुम्हाला माफ आहे. घरीच नमाज अदा करत जा. अल्लाह कबूल करणारा आहे.” यात एक शब्दही खोटा नव्हता. पण त्या दिवसापासून मामूंचा जुमा घरात होतो, म्हणजे जुमा होत नाही, जोहरची नमाज होते. आणि नमाजनंतर मशिदीच्या कट्ट्यावर ज्या गप्पा होत, त्या तर कुठेच होत नाहीत.

देहूला उतरलो तेव्हा ऊन चढले होते. इंद्रायणीच्या काठचे हे गाव सतराव्या शतकातल्या संत तुकारामांचे. त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला, असे मानले जाते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखी निघते, पहिला मुक्काम गावातच इनामदार वाड्यात होतो. दुसऱ्या दिवशी गाव सोडताना ती एका दर्ग्यापाशी थांबते. हा अनगडशाह बाबांचा दर्गा. अनगडशाह हे तुकाराम महाराजांच्या काळातले फकीर असल्याचे सांगतात. पालखीची पहिली अभंग-आरती इथे होते आणि मग वारी आकुर्डीकडे वळते. लाखोंचा जनसमुदाय पंढरपूरला निघतो, तेव्हा वाटेतला पहिला थांबा एका मुस्लिम फकिराच्या दारात असतो. शाळेत मी मुलांना ही गोष्ट सांगते, तेव्हा दोन्हीकडची मुले डोळे विस्फारतात.

दर्ग्यापाशी मामू थोडा वेळ उभे राहिले, फातिहा पढली. मग आम्ही घाटाकडे गेलो. तिथे एक फुलवाली बसली होती. मामूंची काठी पायरीला टेकली तशी ती बसल्या जागेवरून म्हणाली, “बाबा, पाच पायऱ्या हायेत. मंग सपाट हाय. डाव्या हाताला भिंत धरा.” मामूंनी डावा हात भिंतीला लावला, मोजून पाच पायऱ्या उतरले आणि सपाटीवर उभे राहून नदीचा वारा घेतला. तिने हात धरला नाही, ‘अरेरे’ म्हटले नाही. आकडा सांगितला आणि पुन्हा हार ओवू लागली. परतताना मामूंनी तिला सलाम केला. ती म्हणाली, “माझी सासू बी आंधळी व्हती, बाबा.”

गाथा मंदिरात भिंतींवर तुकाराम महाराजांचे अभंग कोरलेले आहेत. तिथल्या सेवेकऱ्याला विचारून मी मामूंचा हात एका ओळीवर ठेवला. टर्नरची बोटे ती. कारखान्यात केसाएवढा फरक ती बोटे ओळखत. मामूंनी एक अक्षर चाचपले, मग दुसरे. “हा ‘व’ आहे,” ते म्हणाले. “याला वेलांटी आहे.” हळूहळू त्यांनी एक शब्द वाचला. त्यांना ब्रेल येत नाही. उतारवयात दृष्टी गेलेल्यांना ते शिकणे जड जाते. बऱ्याच वर्षांनी त्यांनी स्वतः काही वाचले होते. चेहऱ्यावर जे आले ते मी इथे लिहू शकत नाही. ते एवढेच म्हणाले, “काम नेटके आहे. कडा सारख्या लागतात.”

परतीच्या बसमध्ये मी त्यांना विचारले, “मामू, इथे एवढे चाललात. मग मशिदीत का नाही?” ते म्हणाले, “बेटा, इथे कुणी मला माफ केले नाही.”

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपल्या दीनमध्ये आजारी आणि अपंग माणसाला सवलत आहे. सूरह नूरच्या ६१ व्या आयतीत आंधळा, लंगडा आणि आजारी यांच्यावरचा बोजा हलका केला आहे. ही अल्लाहची रहमत आहे. पण ही सवलत ज्याची आहे, ती त्याने घ्यायची आहे. तिच्या आधारे आपण त्याला घरी बसवायचे नाही.

हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (र.) दृष्टिहीन होते. सूरह अबसच्या पहिल्या आयती त्यांच्याच प्रसंगावर उतरल्या. सहीह मुस्लिममधली हदीस आपण ऐकलेली असते. एक दृष्टिहीन सहाबी पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे आले. मला मशिदीपर्यंत आणणारे कोणी नाही, तर घरी नमाज अदा करू का, असे त्यांनी विचारले. आधी परवानगी मिळाली. ते वळले, तेव्हा आपण (स.) यांनी पुन्हा बोलावून विचारले, अजान ऐकू येते का? ते ‘हो’ म्हणाले. मग, त्या हाकेला प्रतिसाद द्या, असे आपण (स.) यांनी सांगितले. अबू दाऊदच्या रिवायतीत हे सहाबी म्हणजे इब्ने उम्मे मक्तूमच. दुसरीकडे हजरत इत्बान बिन मालिक (र.) यांचे उदाहरण आहे. दृष्टी अधू झालेली आणि पावसात वाटेतल्या ओढ्याला पूर येई. त्यांनी विनंती केली, तेव्हा आपण (स.) स्वतः त्यांच्या घरी गेले आणि तिथे नमाज अदा केली. एकाला मशिदीत बोलावले, दुसऱ्याच्या घरी मशीद चालत गेली. दोघांपैकी एकालाही जमातीबाहेर ठेवले नाही.

इब्ने उम्मे मक्तूम (र.) मदिन्यात मुअज्जिन होते. फजरची अजान ते देत. पहाट झाल्याचे लोक त्यांना सांगत, मग ते अजान देत आणि त्यांच्या आवाजावर साऱ्या मदिन्याची सहरी थांबे. आपण (स.) बाहेर गेले की अनेकदा मदिन्याची जबाबदारीही त्यांच्यावर असे. ज्याला दिसत नाही त्याला वेळ सांगायची, आणि पुढचे काम त्याचे त्याला करू द्यायचे, ही ती रीत होती. घाटावरच्या त्या बाईने नेमके हेच केले.

देशाचा कायदाही याच दिशेने गेला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले. या कायद्याने ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत धार्मिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीही घेतल्या आहेत, मग त्या सरकारी असोत वा खाजगी. म्हणजे मंदिर आले, तशी मशीद आणि मदरसाही आला. राजीव रतुरी या दृष्टिहीन नागरिकाने २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाने स्पष्ट केले की सुगम्यतेची किमान मानके ही केवळ शिफारस असू शकत नाहीत, ती बंधनकारक असली पाहिजेत. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. महापालिका, नगरपंचायत, ग्रामपंचायत यांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा शासनाचा आदेश आहे. तो कुठे खर्च झाला, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

पण आधी घरातले काम. ज्यांच्या घरी दिव्यांग व्यक्ती आहे, त्यांनी प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. या भागात औंधचे जिल्हा रुग्णालय आणि पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. नोंदलेले अपंगत्व ४० टक्के वा अधिक असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. आपल्या समाजात लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे होईल, म्हणून कितीतरी मुले कागदावर येतच नाहीत. शिक्षिका म्हणून मी हे दरवर्षी पाहते. कागदावर नसलेल्या मुलासाठी शाळेत उतारही बांधला जात नाही.

आणि मशिदीचे काम. उताराचा साधा हिशेब असा की एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. तीन पायऱ्यांची उंची साधारण दीड फूट, म्हणजे अठरा फुटांचा उतार. सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून वळवता येतो. दोन्ही बाजूंना कठडा, वजूच्या जागी धरायला एक दांडी, पायऱ्यांच्या कडेला खरखरीत पट्टी आणि चपला दाराच्या मधोमध न सोडण्याची सवय. शेवटच्या गोष्टीला तर एक रुपयाही लागत नाही.

मामूंनी आता एक अर्ज लिहवून घेतला आहे, मशिदीच्या विश्वस्तांसाठी. त्यात मदतीची विनंती नाही. तीन पायऱ्यांची मापे आहेत, मामूंनी स्वतः हाताने घेतलेली, इंचांत, टर्नरच्या अचूकपणाने. खाली त्यांनी एक वाक्य घालायला लावले: अजान मला ऐकू येते.