चिठ्ठ्यांमधले प्रश्न

पारगावला भीमाशंकर कारखान्याचा हंगाम सुरू असतो, त्याच दिवसांत आसपासच्या गावांत कॉलेजांची एनएसएसची शिबिरं भरतात. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान. मी सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही चाचणी केंद्रात समुपदेशक आहे, म्हणून पारगावच्या शिबिरात एक दुपार माझी होती.

एचआयव्ही कशाने होतो, हे मुलांना तोंडपाठ होतं. असुरक्षित संबंध, दूषित रक्त, दूषित सुई, आईकडून बाळाला. मग मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव घालायचं नाही. प्रश्न नसेल त्यानेही काहीतरी खरडायचं, म्हणजे कोण खरंच लिहितंय ते शेजाऱ्याला कळत नाही.

‘मेडिकलवाले काका वडिलांना ओळखतात. कंडोम कुठून आणू?’ हा प्रश्न बऱ्याच चिठ्ठ्यांत होता. एका मुलीने लिहिलं होतं, ‘आमचं लग्न ठरलंय. वापर म्हटलं तर तो म्हणेल, माझ्यावर विश्वास नाही का?’ आणि एका चिठ्ठीवर एवढंच, ‘एकदा झालंय. आता काय?’

संयमावरच बोला, असं मला आधी सुचवण्यात आलं होतं. संयमावर मी बोलते, मनापासून बोलते. पण ज्याचं ‘झालंय’, त्याला त्या दुपारी वेगळं काही हवं होतं. म्हणून तेच सविस्तर सांगितलं. धोक्याचा प्रसंग घडून ७२ तास झाले नसतील तर डॉक्टर लागण टाळणाऱ्या गोळ्या सुरू करू शकतात. जितक्या लवकर तितकं बरं, आणि त्या २८ दिवस न चुकता घ्यायच्या. वेळ टळली असेल तर तपासणी. पहिली निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा, कारण लागण लगेच दिसत नाही. पॉझिटिव्ह आलीच तर औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, आणि ती नियमित घेणारा माणूस संसार करतो, निरोगी मुलांना जन्मही देतो. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल घरी कळवता येत नाही. हे ऐकताना मंडपात कुणी खाकरलंसुद्धा नाही.

आफ्रिकेतल्या विद्यापीठांमधल्या पाहण्यांतही हेच पुन्हा पुन्हा आढळलं आहे: माहिती भरपूर, कंडोमचा वापर कमी. मुलींना तर तिथेही जोडीदाराची मनधरणी करावी लागते. म्हणून २०२४मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुणींवरच्या औषध-चाचणीचे निष्कर्ष वाचून मला भरून आलं. सहा महिन्यांतून एकदा लेनाकापाविर हे लागण टाळणारं इंजेक्शन टोचून घेणाऱ्या २१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. कुणाची परवानगी मागायला नको. आमच्या केंद्रात ते इंजेक्शन नाही. म्हणून लग्न ठरलेल्या मुलीच्या चिठ्ठीला उत्तर देताना मी सांगितलं, दोघांनी आधी तपासून घ्या, ‘आपण दोघं’ म्हणूनच विषय काढ.

निघताना एक मुलगा फाट्यापर्यंत आला. उसाच्या ट्रॅक्टरांच्या आवाजात त्याने विचारलं, “मॅडम, तपासणीला मंचरला गेलं तर गावातलं कुणीतरी भेटतंच. जुन्नर तालुक्यात गेलो तर चालेल?”

“चालेल. तालुक्याची अट नाही, पैसे लागत नाहीत. आधी १०९७ या हेल्पलाइनवर विचारून घे.”

“आणि तिलाही आणलं तर?”

अठरा पूर्ण असतील तर ती स्वतःच्या सहीने तपासणी करू शकते, म्हटलं. दोघांशी वेगवेगळं बोलतात, आणि एकाचा निकाल दुसऱ्याला परस्पर सांगत नाहीत.