बडोद्याचे चार गवई

गुणी माणूस मागे का पडला, या प्रश्नाला आपल्या गावांतून बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक, त्याचे नशीब नव्हते. दुसरे, कोणी तरी त्याचे पाय ओढले. ही उत्तरे इतकी सोयीची आहेत की त्यांच्यापुढे विचार करण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. बडोद्यास राहावयास आल्यापासून मात्र या शहरातून परदेशी गेलेल्या एका वाद्यवृंदाची हकीकत मी मिळेल तेथून वाचीत आलो आहे. आणि तिच्यापुढे ही दोन्ही उत्तरे तोकडी पडतात, असे माझे मत झाले आहे.

बडोद्यात, आजच्या भाषेत वडोदऱ्यात, सुरसागर नावाचा मोठा तलाव आहे. त्याच्या काठी गाणे, वाजविणे, नृत्य आणि नाट्य शिकविणारी सयाजीराव विद्यापीठाची शाखा आहे. संध्याकाळी त्या बाजूने जाताना तबल्याचा ठेका आणि कोणाचा तरी चुकलेला सूर ऐकू येतो. या संस्थेचे मूळ १८८६ साली निघालेल्या गायनशाळेत आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने ती मौलाबक्ष नावाच्या गवयाने काढली. मौलाबक्ष मूळचे उत्तरेकडचे. परंतु दक्षिणेत जाऊन त्यांनी तिकडचे संगीतही आत्मसात केले, आणि गाणे कागदावर उतरविता यावे म्हणून स्वतःची स्वरलिपी तयार केली. त्या काळचा गवई आपली विद्या पोटच्या पोराला देतानाही हात आखडता घेई. अशा काळी परक्या मुलांना एकत्र बसवून स्वर लिहून शिकवावयाचे, हे केवढे धाडस! पंडित भातखंडे यांचे नाव आज घरोघर माहीत आहे, मौलाबक्षांचे नाही. असो, तो विषय निराळा.

मौलाबक्ष १८९६ मध्ये वारले. त्यांच्या मुलीचा मुलगा इनायत खाँ. त्याचा जन्म ५ जुलै १८८२ रोजी बडोद्यातच झाला. वीणा आणि गायन ही दोन्ही अंगे त्याने आजोबांच्या घरी उचलली. महबूब खाँ आणि मुशर्रफ खाँ हे त्याचे धाकटे भाऊ, आणि महंमद अली खाँ हा नात्यातला भाऊ. चौघेही एकाच घरात वाढलेले. त्यांचे मामा अलाउद्दीन खाँ पठाण लंडनला जाऊन पाश्चात्य संगीत शिकून आले होते. म्हणजे साहेबाचे संगीत काय असते याचीही त्या घराला ओळख होती. इनायत खाँने हिंदुस्थानभर दौरे केले. हैद्राबादच्या निजामाने त्याला त्या काळचा तानसेन म्हणून गौरविले. १९०९ साली कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीने त्याच्या आवाजात एकतीस गाणी ध्वनिमुद्रित केली. आवाजाची फेक, तानेतील सफाई, लयीवरील हुकमत, काहीही कमी नाही. त्या तबकड्यांचे गाणे १९९४ साली पुन्हा प्रसिद्ध झाले, म्हणून माझ्यासारख्याला ते ऐकावयास मिळाले.

१३ सप्टेंबर १९१० रोजी इनायत खाँ, महबूब खाँ आणि अली खाँ हे तिघे मुंबईहून बोटीने अमेरिकेस निघाले. मुशर्रफ वयाने लहान. तो पुढे जाऊन मिळाला. रामस्वामी नावाचा एक तबलजीही काही काळ त्यांच्याबरोबर होता. वृंदाचे नाव भारदस्त होते : ‘रॉयल म्युझिशियन्स ऑफ हिंदुस्थान’. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांचे गायनवादन झाले. पण विद्यापीठातल्या एका व्याख्यानाने चार माणसांचे पोट भरत नाही. तेव्हा काम आले ते रूथ सेंट डेनिस नावाच्या अमेरिकन नर्तकीकडून. या बाई ‘राधा’ नावाचे नृत्य करीत. हिंदुस्थान त्यांनी तोवर पाहिलेला नव्हता, आणि त्यांची राधा नाचत असे ती एका फ्रेंच संगीतनाटकातील सुरावटींवर! त्यांच्या १९११ च्या दौऱ्यात हे बडोदेकर गवई गावोगाव वाजवीत फिरले. लोक तिकिटे काढीत ती बाईंचे नृत्य पाहावयास. पडद्यापाशी बसलेली फेटेवाली मंडळी म्हणजे त्या देखाव्याची शोभा.

येथे मला आपल्या गावच्या लग्नांतील बँडवाल्यांची आठवण होते. वरातीत पुढे क्लॅरिनेटवाला जीव ओतून वाजवीत असतो. कधी कधी तो असा काही सूर लावतो की अंगावर काटा यावा. पण वरात थांबते ती फटाक्यांसाठी, त्याच्यासाठी नव्हे. बँड नसला तर लोक नावे ठेवतील, म्हणून बँड. जेवणाच्या पंक्तीत त्याला शेवटी बसवितात. यजमानाने पैसे चोख दिलेले असतात, म्हणून तक्रारीला जागा नाही. तरी त्याला ऐकले कोणी, असे विचारले तर मांडवातला एकही माणूस हात वर करणार नाही.

अमेरिकेनंतर युरोप. तेथेही तोच प्रकार. पॅरिसला माता हारीच्या नृत्यास त्यांनी साथ केली. ही बाई मूळची हॉलंडची. हिंदू देवालयातील नृत्य म्हणून जे ती दाखवी त्याचा देवालयाशी संबंध बेताचाच होता. पुढे महायुद्धात हेरगिरीच्या आरोपावरून फ्रेंचांनी तिला १९१७ मध्ये गोळ्या घातल्या. मॉस्कोस काम मिळाले ते ‘मॅक्सिम’ या रात्रीच्या करमणूकगृहात. पिणे, खाणे, हसणे, खिदळणे चालू आणि एका बाजूला वीणा! द्युबुसीसारख्या थोर फ्रेंच संगीतकाराने त्यांना ऐकले. रशियातही जाणकारांशी गाठी पडल्या. म्हणजे पारखी भेटलेच नाहीत असे नाही. परंतु पारखी दहा, आणि चरितार्थ चालावयास हजार श्रोते लागतात.

शिवाय एक साधी गोष्ट आपण विसरतो. त्या काळी नाटकगृहात ध्वनिक्षेपक नव्हता. वीणेचा नाद मृदू. तो बडोद्याच्या बैठकीत शेजारी बसून ऐकावयाचा. हजार खुर्च्यांच्या सभागृहात तो तिसऱ्या रांगेपर्यंत तरी धड पोचत असेल का? आणि राग म्हणजे चुटका नव्हे. आलापाला वेळ हवा, श्रोत्याला त्याच्यात शिरावयास वेळ हवा. नाचांच्या मधल्या पाच-दहा मिनिटांत राग उभाही राहत नाही. ज्या कानांना एका वेळी अनेक सुरांच्या मेळाची सवय, त्यांना एकाच सुराभोवती घोटाळणारे गाणे कंटाळवाणे वाटले तर तो कानांचा दोष म्हणता येणार नाही.

तुलनेसाठी दुसरा एक गवई घ्या. किराण्याचे अब्दुल करीम खाँ हेही बडोद्याच्या दरबारी होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथून बाहेर पडले. तेही परमुलखातच गेले, कारण मिरज आणि पुणे त्यांना कोठे आपले होते? पण त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालविले, मुलांना शिकविले, मराठी नाट्यपदांची गोडी असलेल्या माणसांना आपल्या सुराची चटक लावली. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे भीमसेन जोशी. मौलाबक्षांनी बडोद्यात जे केले तेच करीम खाँनी मिरजेस आणि पुण्यास केले : आधी कान तयार केले. मौलाबक्षांच्या नातवांना परदेशात तेवढी उसंतच मिळाली नाही. आज या गावी, उद्या त्या गावी, आणि प्रत्येक गावी पुढे कोणी तरी नाचते आहे. माझ्या मते अपयशाचे मोठे कारण हेच. १९१४ साली युद्ध भडकले आणि ते लंडनमध्ये अडकून पडले, हे खरे. परंतु युद्धापूर्वीची चार वर्षेही काही भरभराटीची नव्हती.

दुसरे कारण नाजूक आहे. इनायत खाँ केवळ गवई नव्हता. निघतानाच त्याच्या मनात सूफी पंथाचा उपदेश पश्चिमेकडे नेण्याची ओढ होती, आणि वर्षे गेली तशी ती वाढत गेली. गाण्याच्या जागी प्रवचने आली, श्रोत्यांच्या जागी शिष्य आले. अखेर त्याने वीणा बाजूला ठेवली. पॅरिसजवळ स्युरेन येथे बिऱ्हाड केले. १९२६ मध्ये तो हिंदुस्थानात परतला आणि ५ फेब्रुवारी १९२७ रोजी दिल्लीस वारला. त्याची कन्या नूर दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या गुप्त कामगिरीवर फ्रान्समध्ये उतरली आणि १९४४ साली दाखाउच्या छळछावणीत मारली गेली. या घराण्याचे नाव जगाला माहीत आहे ते मुख्यतः या दोघांमुळे.

उपदेशासाठी वीणा सोडणाऱ्या माणसाचे मन मला काहीसे कळते; माझ्या पेशामुळे ते कळणे भागच आहे. त्याने सोडली ती स्वतःची वस्तू होती, आणि तिच्या बदल्यात त्याला दुसरे काही मिळाले. माझे मन अडखळते ते बाकीच्या तिघांपाशी. महबूब खाँ निघाला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. अली खाँ थोरला, पण तोही तिशीच्या आतला. मुशर्रफ तर पंधरा-सोळा वर्षांचे पोर. त्यांना कोणी विचारले होते काय? थोरल्या भावाने बोट धरले आणि ते चालू लागले. इनायत खाँच्या मृत्यूनंतर पंथाची धुरा महबूब खाँकडे आली, १९४८ मध्ये तो गेल्यावर अली खाँकडे, आणि १९५८ मध्ये तो गेल्यावर मुशर्रफ खाँकडे. महबूब खाँने पाश्चात्य गळ्याला आणि पियानोला साजतील अशी गीते रचली. बडोद्यात राहता तर तो काय झाला असता? १९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती बडोद्यातच, सयाजीरावांच्या आश्रयाने. देशातले गवई आणि पंडित या गावी जमले होते, आणि मौलाबक्षांचे नातू तेव्हा लंडनमध्ये होते.

पुढे पश्चिमेने आपले संगीत डोक्यावर घेतले, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. रविशंकर दहा वर्षांचे असताना १९३० साली भाऊ उदयशंकर यांच्या नृत्यमंडळीबरोबर पॅरिसला गेले. म्हणजे त्यांचीही सुरुवात नाचाच्या मंडळीतूनच झाली. परंतु मधल्या काळात ध्वनिक्षेपक आला, बाजूला वीस-बावीस मिनिटे वाजणारी तबकडी आली. १९५५ साली अली अकबर खाँ यांची अशी तबकडी अमेरिकेत निघाली तेव्हा प्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी तीत श्रोत्यांना रागाची ओळख करून दिली. आता ऐकणारा घरी बसून तोच राग दहादा ऐकू शकत होता. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरी येथे विजेच्या गिटारी वाजविणाऱ्या तरुणांचा मोठा उत्सव झाला. ज्या दिवशी रात्री जिमी हेंड्रिक्स या वादकाने व्यासपीठावर आपली गिटार पेटवून दिली, त्याच दिवशी दुपारी रविशंकर यांनी सतार वाजविली. पुढे कोणी नाचत नव्हते, आणि हजारो पोरे ऐकत बसली होती.

त्या वर्षी चौघांपैकी एकटा मुशर्रफ खाँ हयात होता. बडोद्यातील बालपणाच्या आठवणी सांगणारे त्याचे पुस्तक इंग्रजीत १९३२ सालीच निघाले होते. हॉलंडमध्ये हेग येथे त्याचे घर होते. १९६७ साल संपण्यापूर्वी तोही वारला.